नमनालाच घडाभर तेल? – ‘बेटर कॉल सॉल’चे पहिले चार भाग पाहून

मांडवीकाठ (पणजी)

नमस्कार मंडळी. या पावसाळ्यात मी आणि माझ्या मुलाने ‘ब्रेकिंग बॅड’ पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. पाच पर्वांचे ६२ भाग आम्ही रोज रात्री जेवणानंतर एक, फार तर दोन, अशा बेताने संपवले. चतुर्थीची पाहुणेमंडळी परतल्यावर घर रिकामे वाटू लागले, म्हणून त्याच मालिकेतून निघालेली ‘बेटर कॉल सॉल’ सुरू केली. काल रात्री तिचे चार भाग पाहून झाले.

मूळ मालिकेतला सॉल गुडमन मला मनापासून आवडला होता. रसायनशास्त्राचा शिक्षक वॉल्टर व्हाइट अमली पदार्थ बनवता बनवता दिवसेंदिवस क्रूर होत जातो. त्या काळोख्या कथेत भडक सूट घालणारा, टीव्हीवर स्वतःची जाहिरात करणारा हा वकील आला की घटकाभर हायसे वाटायचे. त्याचीच मालिका म्हटल्यावर मी हसण्याच्या तयारीने बसले आणि समोर आले ते भलतेच. पहिली काही मिनिटे कृष्णधवल आहेत. ओमाहा शहरातल्या एका मॉलमध्ये मिशा राखलेला, चष्मा लावलेला एक माणूस दालचिनीचे रोल भाजून विकतो आहे आणि कोणी टक लावून पाहिले तरी त्याच्या पोटात गोळा उठतो. रात्री घरी एकटाच बसून तो आपल्या जुन्या जाहिरातींची कॅसेट लावतो. बाकी सारे काळे-पांढरे असताना त्या जाहिरातींचे रंग तेवढे त्याच्या चष्म्याच्या काचेत चमकतात. मी मुलाला थांबवायला सांगितले आणि ते दृश्य पुन्हा पाहिले.

त्यानंतर कथा मागे, २००२ सालात जाते आणि तिथे माझी गाडी अडते. सॉल अजून सॉल झालेला नाही. तो जिमी मॅकगिल आहे, एका नखे रंगवण्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत राहतो, आणि कथा फार सावकाश चालते. शिवाय जिमी आणि न्यायालयाच्या पार्किंगच्या खिडकीत बसणारा माइक हे दोघे पुढच्या मालिकेत जिवंत आहेत हे आपल्याला ठाऊकच आहे. मग वाळवंटात पिस्तूल रोखले गेले तरी जीव टांगणीला कसा लागावा? ज्यांनी ही मालिका पाहिली आहे त्यांनी चार भागांनंतर त्यांचे मत काय होते ते कृपया सांगावे. पुढचे काही उघड करू नये, एवढी विनंती.

पेडण्याचा नारद (पेडणे)

ताई, तुमचा दुसरा प्रश्न मला जवळचा वाटला, कारण आमच्या तालुक्यात तो लहानपणीच सुटलेला असतो. जत्रेत रात्रभर दशावतार पाहणाऱ्या माणसाला आख्यानाचा शेवट आधीच ठाऊक असतो. कर्णाचे चाक रुतणार आणि तो मरणार हे पुढच्या रांगेतल्या पोरालाही माहीत असते, तरी पहाटे चार वाजता मंडपातल्या बायका डोळ्यांना पदर लावतात. दशावतारात संवाद लिहून दिलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या रचतो. लोक तेच ऐकायला थांबतात: कथा ठरलेली असताना आजचा कर्ण कुंतीला काय उत्तर देतो?

वाळवंटाच्या प्रसंगाबद्दल सांगायचे तर मला वाटते तुमची नजर चुकीच्या माणसावर होती. जिमी वाचणार हे खरेच ठरलेले होते. पण टुको या अमली पदार्थांच्या धंद्यातल्या गुंडाच्या आजीला शिवी देणाऱ्या त्या दोन जुळ्या पोरांचे काय होणार हे मूळ मालिका पाहिलेल्यालाही माहीत नव्हते. टुकोला त्यांचा जीव हवा असतो. जिमी त्याच्याशी बाजारात मासळीचा भाव पाडावा तसा घासाघीस करतो आणि मृत्युदंड एकेका पायावर आणून ठेवतो. त्यात त्या पोरांची आई लोकांची घरे झाडून पोट भरते हेही तो टुकोच्या कानावर घालतो. मला तर तिथेच पुढचा सॉल गुडमन दिसला. तो आयुष्यातला सर्वांत मोठा खटला हातपाय बांधलेल्या अशिलांसाठी उघड्या वाळूत लढतो आणि थोडक्यात जिंकतो.

रातांबा (मडगाव)

नारदबाब, दशावतार एका रात्रीत संपतो. इथे पहिल्या पर्वाचेच दहा भाग आहेत आणि संपूर्ण मालिकेचे ६३. जिमीने पार्किंगमधून बाहेर पडताना स्टिकर कमी असल्याबद्दल माइकशी घातलेला वाद पहिल्यांदा पाहिला तेव्हा आवडला, पण तेच पुन्हा पुन्हा पाहताना माझा धीर सुटला. मी तिसऱ्या भागानंतर थांबलो आहे. माझ्या मते याला नमनालाच घडाभर तेल म्हणतात.

पेडण्याचा नारद (पेडणे)

आडदशावतारात गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, संकासुर येतो, आणि मगच आख्यान सुरू होते. तेवढे तेल आम्हाला चालते.

अ‍ॅड. खोर्जुवे (डिचोली)

मी वीस वर्षांहून अधिक काळ वकिली करतो आहे आणि रातांबा यांना ज्या गोष्टी संथ वाटल्या त्याच मला सर्वांत खऱ्या वाटल्या. पहिल्या भागातला न्यायालयाचा प्रसंग घ्या. जिमी स्वच्छतागृहात उभा राहून भाषणाची तालीम करतो. मग ज्यूरीपुढे येऊन एकोणीस वर्षांच्या मुलांच्या अल्लडपणाबद्दल कळवळून बोलतो. सरकारी वकील एक शब्दही बोलत नाही. तो टीव्हीची गाडी पुढे ढकलतो आणि मुलांनी शवागारात काय केले त्याची चित्रफीत लावतो. एवढ्यात खटला संपतो. आपल्याकडे ज्यूरी नाही, त्यामुळे असे भाषण न्यायाधीशांपुढे कोणी करणार नाही, पण पुरावा समोर आल्यावर घशातच विरून जाणारा युक्तिवाद मी पाहिला आहे आणि केलाही आहे.

त्यानंतर तो पैसे घ्यायला जातो. आरोपी तीन, म्हणून ७०० डॉलर तिप्पट मिळतील अशी त्याची समजूत असते, आणि हातात एकच ७०० चा धनादेश पडतो. मी सुरुवातीच्या काळात विधी सेवा योजनेतून गरीब आरोपींची प्रकरणे चालवली आहेत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने ही सोय झाली आणि ती मला आजही मोलाची वाटते, पण त्या मानधनात तेव्हा स्कूटरचे पेट्रोलही भागत नसे. दुसऱ्या भागात जिमी एकामागून एक फुटकळ प्रकरणे चालवतो, मधल्या वेळेत यंत्रातली कॉफी पितो आणि दर वेळी आरशापुढे उभा राहून स्वतःला सज्ज करतो. दिग्दर्शकाने हे सारे भराभर, एकाच तालात दाखवले आहे. मला ते पाहताना आमच्या न्यायालयाच्या व्हरांड्यातल्या बाकाचा स्पर्श आठवला. दुपारी अडीचपर्यंत तुमचे प्रकरण पुकारले जाईल या आशेवर तिथे बसून राहायचे असते.

आणखी एक गोष्ट इथल्या वाचकांना माहीत असलेली बरी. चौथ्या भागात जिमी रस्त्यावर स्वतःचा मोठा फलक लावतो. भारतीय वकील परिषदेच्या नियमांतील ३६ व्या नियमानुसार आपल्याकडे वकिलाला जाहिरात करता येत नाही. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली ती मोकळीक दिली. सॉल गुडमनच्या त्या भडक जाहिराती तिथल्या कायद्याला धरून आहेत. म्हणूनच ही कथा तिथे घडू शकते आणि आपल्याकडे जशीच्या तशी घडू शकत नाही.

सांतेरी (केरी, सत्तरी)

मी मूळ मालिका पाहिलेली नाही. बहिणीने आग्रह केला म्हणून थेट हीच सुरू केली, त्यामुळे माझे मत कदाचित उपयोगी पडेल. मॉलमधला तो माणूस कोण आहे हे मला कळले नाही, आणि न कळण्याचा त्रासही झाला नाही. जिमी पुढे कोणी बदनाम वकील होणार आहे हेही मला माहीत नव्हते. मला तो धडपडणारा धाकटा भाऊ वाटला. पिवळी जुनी गाडी, तिला एक लाल दार, आणि ती घेऊन तो मोठ्या भावाकडे बर्फ, सामान आणि वर्तमानपत्रे पोचवतो. भाऊ चक हा नामांकित वकील, एका मोठ्या कार्यालयाचा भागीदार, पण विजेच्या लहरींनी आपल्याला वेदना होतात अशी त्याची खात्री असल्यामुळे घरात दिवा नाही, फ्रीज नाही. येणाऱ्याने मोबाइल आणि घड्याळ बाहेरच्या टपालपेटीत ठेवायचे.

आमच्याकडे जून-जुलैत झाड पडून दोन दोन दिवस वीज जाते. कंदिलाच्या उजेडात माणसाचा अर्धाच चेहरा दिसतो आणि बोलणे आपोआप हळू होते. चकच्या घरातले प्रसंग अगदी तसे चित्रित केले आहेत. एका भावाला दुसऱ्याचा चेहरा पुरता दिसतच नाही. मला वाटते मालिकेचे खरे घर तेच आहे, न्यायालय नव्हे.

शिवोलीकर (शिवोली)

माझा आक्षेप वेगळा आहे. स्पिन-ऑफने स्वतःच्या पायावर उभे राहावे अशी माझी अपेक्षा असते. इथे पहिल्या भागाच्या शेवटी दार उघडते आणि टुको दिसतो. ज्याने मूळ मालिका पाहिली आहे त्याच्या अंगावर काटा येतो, पण तो काटा जुन्या मालिकेने कमावलेला आहे. पार्किंगच्या खिडकीत माइक बसलेला दिसतो तेव्हाही तेच. ओळखीचे चेहरे आणून टाळ्या घ्यायच्या, ही युक्ती मला पटत नाही. नव्या पात्रांपैकी चकच्या कार्यालयातली वकील किम वेक्सलर मात्र मला फार आवडली. कार्यालयाच्या तळघरात ती भिंतीला टेकून उभी असते, जिमी काही न बोलता तिच्या ओठांतली सिगारेट घेतो, एक झुरका मारतो आणि परत तिच्या ओठांत ठेवतो. त्या दोघांत किती वर्षांची ओळख आहे हे सांगायला एकही वाक्य खर्च केलेले नाही. असे लेखन करता येते, तर टुको कशाला हवा?

सांतेरी (केरी, सत्तरी)

शिवोलीकरदादा, मी टुकोला पहिल्यांदाच पाहत होते. दार उघडल्यावर डोळ्यांसमोर पिस्तूल येते आणि जिमीची बोलती बंद होते, एवढे मला पुरेसे होते. पुढच्या भागात तोच माणूस आजीशी इतक्या मायेने बोलतो की मला जास्तच भीती वाटली. तेव्हा तो काटा पूर्णपणे उसना नसावा.

मास्तर (काणकोण)

शिवोलीकरांच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण थोडी पार्श्वभूमी सांगितली तर टुको आणि त्याचा साथीदार नाचो इथे का आहेत हे समजेल. सॉल गुडमन पहिल्यांदा मूळ मालिकेच्या दुसऱ्या पर्वातल्या आठव्या भागात, २००९ साली आला. तो भाग पीटर गूल्ड यांनी लिहिला होता, आणि पुढे त्यांनीच विन्स गिलिगन यांच्याबरोबर ही मालिका निर्माण केली. त्या भागात तोंड झाकलेले दोघे सॉलला वाळवंटात नेतात, तेव्हा तो घाबरून ‘मी नव्हे, ते इग्नासिओने केले’ असे काहीतरी बरळतो आणि आणखी एक नाव घेतो. ही नावे कोणाची, हे त्या मालिकेत कधीच सांगितले नाही. आता दुसऱ्या-तिसऱ्या भागात तुम्हाला भेटलेल्या नाचोचे पूर्ण नाव पाहा: इग्नासिओ वार्गा. भीतीपोटी बोललेल्या एका वाक्यातून लेखकांनी एक जिताजागता माणूस उभा केला. दुसरे नाव पुढे यथावकाश येईल, ते मी सांगत नाही.

ही मालिका आधी अर्ध्या तासाची विनोदी मालिका म्हणून करावी असाही विचार झाला होता. जिमीचे काम करणारे बॉब ओडेनकर्क हे मुळात विनोदी लेखक आणि नट, चकचे काम करणारे मायकेल मॅकिन हेही विनोदी भूमिकांसाठी नावाजलेले. त्यामुळे ताईंनी हसण्याची तयारी ठेवली यात त्यांची काही चूक नाही. ८ फेब्रुवारी २०१५ रोजी अमेरिकेत पहिला भाग दाखवला गेला तेव्हा सुमारे ६९ लाख प्रेक्षकांनी तो पाहिला, आणि त्यांतल्या पुष्कळांची अपेक्षा तुमच्यासारखीच असणार. मी ती मालिका काही वर्षांपूर्वी पाहिली, तेव्हा दुसऱ्या भागानंतर पत्नीला म्हणालो होतो की हे लोक विनोदी नटांकडून शोकांतिका करून घेत आहेत. विनोदी नटाला वेळेचे भान असते, कुठे थांबायचे हे त्याला नेमके कळते. ओडेनकर्क बोलता बोलता मध्येच गप्प होतात तेव्हा ते पाहावे.

वाळपईची वाट (वाळपई)

मास्तरांशी पूर्ण सहमत. माझ्यासारखे जे माइकसाठी ही मालिका पाहतात त्यांनी सहाव्या भागापर्यंत जरूर थांबावे. (ज्यांनी तो पाहिला नाही त्यांनी पुढचे वाचू नये.) पाच भाग हा म्हातारा पार्किंगच्या खिडकीत बसून नुसता स्टिकर मागतो आणि आपण वैतागतो. सहाव्या भागात तो फिलाडेल्फियातला माजी पोलीस होता हे कळते. त्याचा मुलगाही पोलीस होता. सहकाऱ्यांनी लाचेचा वाटा पुढे केला तेव्हा तो मुलगा कचरला, आणि बापानेच त्याला तो घ्यायला लावला. तरीही तो कचरला होता एवढ्यावरून त्यांनी त्याला मारले. शेवटी माइक सुनेसमोर बसून हे सांगतो. माइकचे काम करणारे जोनाथन बँक्स यांचा चेहरा इतका वेळ दगडासारखा राहिलेला असतो की तिथे नुसता आवाज फाटला तरी आपल्याला बघवत नाही.

[व्यवस्थापक: या प्रतिसादातील शेवटच्या पर्वाबद्दलची दोन वाक्ये काढली आहेत. धागाकर्तीने स्पष्ट विनंती केली असताना पुढील पर्वांचे उल्लेख करू नयेत.]

वाळपईची वाट (वाळपई)

मांडवीकाठ ताईंची मनापासून क्षमा मागतो. उत्साहाच्या भरात लिहून गेलो.

मांडवीकाठ (पणजी)

क्षमा कसली! ती वाक्ये माझ्या वाचनात आली नाहीत. तुम्हा सगळ्यांचे वाचून काल पाचवा भाग लावला. नारदबाब, तुमचे म्हणणे पटते आहे. किम आणि चक हे दोघेही मूळ मालिकेत नाहीत, हे काल माझ्या लक्षात आले, आणि तेव्हापासून मला जिमीची नव्हे तर त्या दोघांची काळजी लागली आहे. ते पुढे का दिसत नाहीत?

अबोली (फातोर्डा)

मी इथे सहसा लिहीत नाही. चकबद्दल वाचले म्हणून लिहिते आहे. माझ्या थोरल्या भावाला गेली सहा वर्षे मानसिक आजार आहे आणि आई-वडिलांच्या माघारी त्याचे मीच पाहते. त्याला पाण्याचा संशय येतो. घरातले पाणी तो पीत नाही, म्हणून मी रोज सकाळी शाळेत जाण्याआधी बंद बाटल्या नेऊन देते. झाकणाची कडी त्याच्यासमोर तुटली पाहिजे, नाही तर ती बाटली तशीच पडून राहते.

पाचव्या भागात डॉक्टर चकच्या पलंगाला लावलेले यंत्र त्याच्या नकळत सुरू करते आणि त्याला काहीच होत नाही. जिमी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. मला वाटले आता तो भावाला जाब विचारेल. तो विचारत नाही. तो त्याला घरी आणतो आणि नेहमीप्रमाणे सगळे त्याच्या मनासारखे करून देतो. ज्यांच्या घरी असे माणूस नाही त्यांना हा जिमीचा दुबळेपणा वाटेल, पण मी तो प्रसंग पाहताना उठून स्वयंपाकघरात गेले आणि थोडा वेळ तिथेच उभी राहिले. आजार खरा की खोटा हा प्रश्न बाहेरच्या माणसाचा असतो. वेदना त्याला होते, तेव्हा बाटलीची कडी त्याच्यासमोर तोडायची.

चौथ्या भागात चक शेजाऱ्याचे वर्तमानपत्र उचलायला चंदेरी चादर पांघरून भर उन्हात धावतो आणि त्या जागी दगडाखाली पाच डॉलरची नोट ठेवून येतो. एवढ्या यातनेतही तो कोणाचे फुकट घेत नाही. माझा भाऊही असाच आहे. लेखकांनी त्याला वेडा म्हणून हसण्यावारी नेले नाही याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

सांतेरी (केरी, सत्तरी)

अबोलीताई, ती पाच डॉलरची नोट मी पाहिली होती आणि विसरूनही गेले होते. तुमचे वाचून तो भाग पुन्हा लावला.

रातांबा (मडगाव)

अबोली यांचे लिहिणे वाचून मी चौथा, पाचवा आणि सहावा हे तीन भाग एका बैठकीत पाहिले. संथपणाबद्दलचे माझे मत पूर्ण बदललेले नाही. केटलमन नावाचे ते दांपत्य, १६ लाख डॉलरच्या अफरातफरीचा आरोप असलेले, पहिल्या चार भागांत इतकी जागा घेते की मला ते आजही अनाठायी वाटते. पण त्यांना शोधण्याची रीत मला आवडली. सगळे पोलीस त्यांना दूरदूर शोधत असतात आणि माइक जिमीला सांगतो की माणसाला घर सोडवत नाही. मग ते घरामागच्या रानात तंबू ठोकून बसलेले सापडतात.

सहावा भाग मात्र वेगळाच आहे. तो पाहिल्यावर पार्किंगमधले ते वाद मला दुसऱ्या अर्थाने आठवले. एकदा वाकड्या वाटेला लावल्यामुळे ज्याचा मुलगा गेला तो माणूस आता एका स्टिकरचीही सूट द्यायला तयार नाही. हे आधी कळायला मार्ग नव्हता, म्हणजे माझा वैताग लेखकांनी जाणूनबुजून साठवून ठेवला होता. याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

अ‍ॅड. खोर्जुवे (डिचोली)

पाचव्या भागाचा विषय निघालाच आहे तर मृत्युपत्राच्या प्रसंगाबद्दल लिहितो. एक वृद्ध बाई आपल्या चिनी मातीच्या बाहुल्या कोणाला कोणती द्यायची हे एकेक करून सांगते आणि जिमी न कंटाळता लिहून घेतो. शेवटी १४० डॉलर फी होते आणि ती पाकिटातून एकेक नोट काढून मोजते. पंधरा वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका आजीने पितळी समई, दोन तांब्याची भांडी आणि एक पाटा यांची अशीच वाटणी सांगितली होती.

आपल्या गोव्यात तर मृत्युपत्राला मर्यादा आहे. मुले असतील तर पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या आणि आता २०१२ च्या वारसा कायद्यात असलेल्या तरतुदीनुसार आपल्या हिश्शाच्या निम्म्याच भागाची इच्छेप्रमाणे व्यवस्था लावता येते, उरलेला निम्मा वारसांचा हक्काचा. त्यामुळे इथे वृद्ध माणसे वकिलाकडे येतात तेव्हा जमिनीबद्दल फारसे बोलणे उरत नाही. त्यांना बोलायचे असते ते समईबद्दल आणि पाट्याबद्दल. जिमीला हे ऐकून घेता येते, आणि वृद्धांचे काम हेच आपले काम होऊ शकेल असे त्याला वाटू लागते. ‘हा माणूस चांगला वकील होऊ शकला असता’ हे मालिका कोणाच्या तोंडून वदवत नाही, ती त्याला त्या बाईच्या दिवाणखान्यात बसवते. पुढे तो सॉल गुडमन होणार हे मला ठाऊक असल्यामुळेच तो प्रसंग मला इतका लागला. मूळ मालिका न पाहता तो कसा वाटला, हे सांतेरीताईंनी सांगावे.

सांतेरी (केरी, सत्तरी)

वकीलसाहेब, मला तो प्रसंग आनंदाचा वाटला. याला आपले काम सापडले असे वाटून मी निश्चिंत झोपले. तुम्ही लिहिलेले वाचल्यावर पहिल्यांदा मनात पाल चुकचुकली.

शिवोलीकर (शिवोली)

सांतेरी आणि वकीलसाहेब यांचे हे दोन प्रतिसाद एकापाठोपाठ वाचून मला माझा आक्षेप थोडा मागे घ्यावासा वाटतो. एकच प्रसंग एकीला सुखाचा आणि दुसऱ्याला दुःखाचा वाटत असेल, आणि दोघांचेही बरोबर असेल, तर ही मालिका जुन्या मालिकेची केवळ शेपटी नाही. टुकोबद्दलचे मत मात्र मी राखून ठेवतो.

मास्तर (काणकोण)

राखून ठेवा. या मालिकेला एमी पुरस्काराची ५३ नामांकने मिळाली आणि पुरस्कार एकही मिळाला नाही. तेव्हा जाणकारांतही मतभेद होते असे समजायला हरकत नाही.

मांडवीकाठ (पणजी)

पहिले पर्व काल संपले. (नववा भाग न पाहिलेल्यांनी इथे थांबावे.)

मी विचारले होते की शेवट ठाऊक असताना जीव टांगणीला कसा लागावा. नवव्या भागात मला उत्तर मिळाले आणि ते मी ज्या दिशेला पाहत होते तिकडून आले नाही. पहिल्या भागापासून मी चकचा भागीदार हॉवर्ड याला खलनायक धरून चालले होते. गुळगुळीत केसांचा, गोड बोलणारा, जिमीला दारात उभे न करणारा हॉवर्ड. त्याच कार्यालयाच्या टपाल विभागात काम करता करता रात्री अभ्यास करून जिमी वकील झाला, तरी याने त्याला कार्यालयात घेतले नाही. वृद्धाश्रमातल्या लोकांना जादा बिले लावणाऱ्या कंपनीविरुद्धचा खटला जिमीने कचऱ्यातून कागदाचे तुकडे गोळा करून, ते रात्रभर चिकटवून उभा केला, तरीही नाही. आणि मग एका मोबाइलची बॅटरी रात्रीत का उतरली, या क्षुल्लक गोष्टीवरून जिमीला कळते की वाट अडवणारा हॉवर्ड कधीच नव्हता. ज्याच्यासाठी तो रोज बर्फ नेत होता त्या चकनेच ती अडवली होती. अंधाऱ्या खोलीत चक त्याला सांगतो की तू खरा वकील नाहीस. माझा मुलगा माझ्याकडे पाहत होता आणि मी पडद्याकडे. आम्ही दोघेही बराच वेळ बोललो नाही.

आज दुपारी मी पहिला भाग पुन्हा लावला. सांतेरी म्हणाल्या होत्या की मालिकेचे घर तेच आहे, म्हणून थेट चकच्या घरातला प्रसंग काढला. कंदिलाच्या उजेडात चक जिमीला समजावतो की तू मॅकगिल हे नाव वापरू नकोस, दुसऱ्याच्या पुण्याईवर का जगतोस, स्वतःची ओळख स्वतः तयार कर. पहिल्या वेळी हे मला थोरल्या भावाचे शहाणपणाचे बोल वाटले होते आणि मी ते मुलाला ऐकवलेही होते. जिमी तेव्हा काही बोलत नाही, खाली पाहतो. सॉल गुडमन हे नाव त्याने पुढे का घेतले हे पहिल्याच भागात सांगून झाले होते, आणि मी तेवढ्यात संथ म्हणून उठून दाराची कडी लावायला गेले होते.

अबोली, तुम्ही नववा भाग पाहणार असाल तर एकटीने पाहू नका. बहीण किंवा मैत्रीण असेल तर तिला बोलवा, नाही तर माझ्याकडे या. दुसरे पर्व आम्ही शनिवारी रात्री सुरू करतो आहोत.

अबोली (फातोर्डा)

नववा भाग मी पाहिला आहे, ताई. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटल्या नेऊन दिल्या. शनिवारी भावाकडे थांबायला मावशी येणार आहे, तेव्हा मी साडेसातपर्यंत पणजीला पोचते.